सहा आठवडे आणि एक निर्णय: फ्रान्सिस डी सेल्स यांचं पॅरिसमधलं प्रकरण (१५८६–८७)

फ्रान्सिस डी सेल्स १९ वर्षांचा असताना एका विचाराने त्याला गाठलं: देवाने आपल्याला आधीच टाकून दिलेलं आहे, आणि आता काहीही केलं तरी त्यात बदल होणार नाही. डिसेंबर १५८६ ते जानेवारी १५८७ असे जवळपास सहा आठवडे हा विचार त्याच्या डोक्यातून हलला नाही. अन्न जाईना, झोप येईना. अंग सुकत गेलं आणि मेणासारखं पिवळं पडलं. पुढे हाच मुलगा जिनिव्हाचा बिशप झाला, १६६५ साली संत म्हणून घोषित झाला, आणि चिंतेने पोखरलेल्या माणसाला कसं सावरावं याविषयी त्याने जे लिहिलं ते आजही धर्मगुरूंच्या हाताशी असतं. नागपूरचं कॅथेड्रल त्याच्याच नावाचं आहे. त्याच्या नावाने १८३८ साली आजच्या फ्रान्समधल्या अॅनेसीत सुरू झालेल्या मिशनरी संघाचे फादर त्याच शतकात विदर्भात येऊन पोहोचले, म्हणून महाराष्ट्रातल्या कॅथलिकांना हे नाव परकं नाही. नावामागचे हे सहा आठवडे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ते सांगायला हवेत. ‘चिंता सोडा, विश्वास ठेवा’ हे प्रवचनात हजारदा ऐकायला मिळतं, पण सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं हे ऐकायला मिळत नाही. या प्रकरणात ते दिसतं. काय केल्याने भीती वाढत गेली, कशाने वळण मिळालं, वळणानंतर काय शिल्लक राहिलं आणि त्यातून दुसऱ्यांसाठी कोणती रीत तयार झाली, ही सगळी साखळी इथे जोडता येते.

माहिती कुठून मिळते

मुख्य साक्ष जेन डी शांताल यांची आहे. फ्रान्सिस यांनी पुढे ज्यांना मार्गदर्शन केलं आणि ज्यांच्यासोबत धर्मभगिनींचा संघ सुरू केला, त्या या विधवा बाई. फ्रान्सिस २८ डिसेंबर १६२२ रोजी लियाँमध्ये वारले. त्यांना संतपद देण्यासाठी जी चौकशी झाली, तिच्यात १६२७ साली शांतालबाईंनी शपथेवर जबानी दिली. त्या स्वतः मनाच्या मोठ्या त्रासात असताना, त्यांना धीर यावा म्हणून फ्रान्सिस यांनीच आपली ही जुनी हकिगत त्यांना सांगितली होती. मेणासारखा पिवळा रंग आणि सहा आठवड्यांचा काळ या गोष्टी त्या जबानीतल्या. दुसरा आधार म्हणजे फ्रान्सिसने त्या काळात केलेल्या आत्मसमर्पणाच्या प्रार्थनेचा जपून राहिलेला मजकूर. हे शब्द नेमके सुटकेच्या क्षणाचे की आधीच्या आठवड्यांतले, यावर चरित्रकारांचं एकमत नाही. प्रकरण समजायला त्याने फारसं अडत नाही.

मुलगा आणि त्याचा काळ

जन्म २१ ऑगस्ट १५६७, सॅव्हॉयमधल्या (आज हा भाग फ्रान्समध्ये आहे) तोरेन्सजवळच्या सेल्स गढीत. घराणं सरदारांचं. वडिलांना मुलगा वकील आणि पुढे सिनेटर झालेला हवा होता, म्हणून त्याला पॅरिसला जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या क्लेरमाँ कॉलेजात धाडलं. सोबत आबे देआज नावाचे शिक्षक-पालक होते. ते स्वतः धर्मशास्त्र शिकत होते. फ्रान्सिसने वडिलांसाठी साहित्य, तत्त्वज्ञान, घोडेस्वारी, तलवारबाजी हे सारं चालू ठेवलं आणि स्वतःच्या ओढीने धर्मशास्त्रही वाचायला घेतलं. पाद्री व्हायचं त्याने मनाशी ठरवलेलं होतं, पण वडिलांना सांगितलेलं नव्हतं.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५८४ साली त्याने हिब्रूचे पंडित जिल्बेर जेनेब्रार यांची ‘गीतरत्ना’वरची व्याख्यानं ऐकली होती. देव आणि माणूस यांचं नातं प्रेमिकांच्या नात्यासारखं आहे, हा विचार तिथे त्याच्या मनात खोल रुजला. म्हणजे भीती येण्याच्या दोन वर्षं आधीच प्रेमाची चव त्याने घेतलेली होती. पुढच्या आजाराचं स्वरूप त्यावरच ठरलं.

त्या काळच्या पॅरिसमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी यांच्यातला वाद नुसता पुस्तकी नव्हता, त्यासाठी रक्त सांडत होतं. या वादातला एक कळीचा प्रश्न असा: कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने अनादिकालापासून ठरवून ठेवलं आहे का? ठरवलं असेल तर माणसाच्या वागण्याकडे बघून, की त्याच्याकडे न बघताच? संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांचं लिखाण वाचताना फ्रान्सिसला वाटलं, हे दोघे मोठे आचार्यही तारणासाठी निवडलेल्यांची संख्या थोडीच मानतात आणि ती निवड माणसाच्या हाती ठेवत नाहीत. इथे प्रॉटेस्टंट वाचकांसाठी एक खुलासा केलाच पाहिजे. पूर्वनियोजनाची, म्हणजे देवाने हे आधीच ठरवून ठेवल्याची, शिकवण देणाऱ्यांचा हेतू विश्वासणाऱ्याला आधार देण्याचाच होता: तारण तुझ्या कमकुवत हातात नाही, देवाच्या हातात आहे, निश्चिंत राहा. पण चिंतेने घेरलेलं मन दिलाशाचं वाक्यही उलटं करून स्वतःवरच रोखतं. तारण माझ्या हातात नाही, म्हणजे मी बुडालोच, एवढंच त्याला ऐकू येतं.

त्या सहा आठवड्यांत काय झालं

मूळ प्रश्न अभ्यासातून आला, त्यामुळे त्याचं उत्तरही अभ्यासातच असेल असं वाटणं साहजिक होतं. इथेच पहिली गफलत झाली. ‘मी निवडलेल्यांत आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही ग्रंथात असू शकत नाही, कारण कोणत्याही ग्रंथात त्याचं नाव लिहिलेलं नाही. ग्रंथ फार तर सिद्धांत सांगेल. सिद्धांत कळला की मन पुढचं विचारतं: ठीक आहे, पण माझं काय? प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न फुटतो आणि माणूस समजतो की आपण उत्तराच्या जवळ चाललो आहोत.

दुसरी गफलत पुराव्याची. भक्तीत आधी जो गोडवा लागत होता तो आटला. मन घाबरलेलं असताना, शरीराला अन्न-झोप नसताना गोडवा आटणारच. पण घाबरलेला माणूस तोच पुरावा धरतो: बघा, देवाने तोंड फिरवलंच. भीतीमुळे भावना सुकल्या आणि सुकलेल्या भावना भीतीची साक्ष झाल्या. हे चक्र आजही अशा प्रत्येक माणसात जसंच्या तसं दिसतं.

तिसरी गोष्ट मात्र गफलत नव्हती, पुढच्या सुटकेची वाट तिच्यातून गेली. त्याच्या प्रार्थनेचा मजकूर बारकाईने वाचला तर कळतं की त्याला सर्वांत जास्त भय नरकातल्या यातनांचं नव्हतं. तिथे देवावर प्रेम करता येणार नाही, उलट त्याच्या नावाला शाप देणाऱ्यांच्या गर्दीत आपण उभे असू, हे त्याला सोसवत नव्हतं. ‘निदान तुझं नाव शापणाऱ्यांत मला ठेवू नकोस,’ अशी त्याची विनवणी आहे. भीतीच्या बुडाशी प्रेमच होतं. जे गमावण्याची धास्ती त्याला होती, ते त्या घडीलाही त्याच्यापाशी शाबूत होतं. हे मात्र त्याला दिसत नव्हतं.

वळण

सेंट जाक रस्त्याजवळ सेंट एतिएन दे ग्रे नावाचं चर्च होतं. (फ्रेंच क्रांतीच्या काळात ते पाडलं गेलं. तिथली काळ्या वर्णाची मरियामातेची मूर्ती आज पॅरिसच्या शेजारी नुईई-सुर-सेन इथल्या धर्मभगिनींच्या मठात आहे.) एके दिवशी जाताजाता फ्रान्सिस आत शिरला आणि मातेच्या वेदीपुढे गेला. तिथे एका फळीवर चिकटवलेली प्रार्थना होती, ‘हे दयाळू कुमारी मरिये, आठवण कर’ अशी सुरू होणारी, कॅथलिकांमध्ये आजही रोज म्हटली जाते ती. त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. उठला, तेव्हा आपण पूर्ण बरे झालो असं त्याला जाणवलं. शांतालबाईंच्या जबानीप्रमाणे, कुष्ठाचे खवले गळून पायाशी पडावेत तसा तो आजार आपल्या अंगावरून गळून पडला असं त्याला वाटलं.

भाविक चरित्रांत ही घटना चमत्कार म्हणून येते आणि तिथेच संपते. ती देवाची कृपा होती यात शंका नाही. पण कृपेने त्याच्या हातून काय काय करवून घेतलं, हेही पाहायला हवं, कारण तेवढंच दुसऱ्याला शिकवता येतं.

त्याने वाद थांबवला. ‘मी नक्की तरणार’ असं स्वतःला पटवून देण्याचा प्रयत्न सोडला. समर्पणाच्या मजकुराचा आशय असा आहे: प्रभो, तुझ्या हाती सारं आहे, तुझे मार्ग न्यायाचे आणि सत्याचे आहेत. निवडीच्या आणि त्यागाच्या त्या गूढ निर्णयात तू माझ्याविषयी काहीही ठरवलं असलंस तरी मी तुझ्यावर प्रेम करीन, निदान या आयुष्यात तरी, जर पुढच्या आयुष्यात ते माझ्या वाट्याला नसेल तर. आणि तुझ्या दयेवरची आशा मी सोडणार नाही. सगळ्यांत वाईट शक्यता त्याने नाकारली नाही, पुसलीही नाही. तिला जागच्या जागी राहू दिलं आणि आपला निर्णय तिच्यावर टांगून ठेवायचं बंद केलं.

प्रश्न बदलला. ‘माझं पुढे काय होणार?’ हा देवाच्या बाजूचा प्रश्न, त्याच्या हाती नसलेला. ‘आज मी प्रेम करणार का?’ हा त्याच्या बाजूचा, त्याच दिवशी उत्तर देता येईल असा. त्या उत्तरासाठी भविष्य कळायची गरज नव्हती, मनात गोडवा असण्याचीही नव्हती. लागत होती फक्त इच्छाशक्ती, आणि ती भीतीतही थोडीफार उरलेली असते.

उसने शब्द वापरले. सहा आठवडे स्वतःच्या डोक्यातल्या वाक्यांनी थकवलेल्या माणसाने समोरच्या फळीवरची, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली प्रार्थना वाचून म्हटली. घाबरलेल्या माणसाला ‘मनापासून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना कर’ असं सांगणं बहुतेक वेळा चुकतं. त्याच्या स्वतःच्या शब्दांत पुन्हा चिंताच बोलू लागते. स्तोत्र ४२ मधलं ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस? देवाची आशा धर’ हे तयार वाक्य अशा वेळी जास्त उपयोगी पडतं, कारण त्यात जिवाशी बोलणारा माणूस जिवाच्या तळमळीपासून एक पाऊल बाजूला उभा असतो.

प्रश्नाचं पुढे काय झालं

सुटका झाली तेव्हा सिद्धांताचा प्रश्न सुटलेला नव्हता. पदुआ विद्यापीठात कायदा शिकताना (१५९१ साली तो तिथे डॉक्टर झाला) फ्रान्सिसने तो पुन्हा हाती घेतला, या वेळी शांत डोक्याने. ऑगस्टीन आणि थॉमस यांच्या पायाशी नम्रपणे वाकून, पण त्यांचं जे मत त्याला उमगलं होतं त्यापासून वेगळं होत, तो अशा मताला आला की देव माणसाचा प्रतिसाद आधीच जाणतो आणि ते जाणूनच निवडतो. १६१८ साली फ्रान्सिस यांनी लेसियस या जेझुइट पंडिताला पत्र लिहून हेच मत आपल्याला पटत असल्याचं कळवलं.

रोममध्ये याच विषयाशी जोडलेला, देवाची कृपा आणि माणसाचं स्वातंत्र्य यांचा वाद डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांत वर्षानुवर्षं चालला. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याच पक्षाला चूक न ठरवता तो मिटवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी केली. जो गुंता सोडवायला एक मुलगा एकटाच, उपाशीपोटी बसला होता, तो ख्रिस्तसभेच्या मोठमोठ्या पंडितांनाही शेवटपर्यंत उलगडला नाही. विचार करणं वाईट नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रेमाचा निर्णय, मग शांत मनाने विचार. उलट क्रमाने गेलं की काय होतं ते त्या सहा आठवड्यांनी दाखवलं.

दुसऱ्यासाठी वापर: जेन डी शांताल, १६०४

१६०४ च्या उपवासकाळात बिशप फ्रान्सिस दिजाँमध्ये प्रवचनं द्यायला गेले. श्रोत्यांत जेन डी शांताल होत्या. पती १६०१ साली शिकारीतल्या अपघातात गेलेले, पदरात चार मुलं, आणि मनात श्रद्धेविरुद्धच्या शंकांचं थैमान. त्यांना आधी लाभलेल्या एका मार्गदर्शकाने त्यांच्याकडून चार व्रतं घेतली होती: तुमची आज्ञा पाळीन, मार्गदर्शक बदलणार नाही, तुमचं सांगणं गुप्त ठेवीन, आणि मनातलं दुसऱ्या कोणालाही सांगणार नाही. त्यावर प्रार्थना, उपवास आणि पद्धतींचा ढीग. भित्र्या, प्रामाणिक माणसाला बांधून टाकण्याचा याहून परिणामकारक मार्ग नाही. असं बंधन आजही काही ठिकाणी भक्तीच्या नावाखाली घातलं जातं, म्हणून ते ओळखता आलं पाहिजे. फ्रान्सिस यांनी ती व्रतं मोडीत काढली. सदसद्विवेकाची शांती नासवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही, असं त्यांचं मत पडलं.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरच्या लांबलचक पत्रात त्यांनी एक नियम ठळक मोठ्या अक्षरांत लिहिला. सगळं प्रेमाने करायचं, बळजबरीने काहीच नाही. आज्ञा मोडण्याच्या भीतीपेक्षा आज्ञापालनावरचं प्रेम मोठं असू द्यायचं. पत्रातला व्यवहारही तसाच आहे. एखाद्या दिवशी नेमून दिलेली प्रार्थना खऱ्या अडचणीने राहिली तर ती चुकीच्या यादीत टाकायची नाही. शंकांशी हुज्जत घालायची नाही, त्यांना उत्तर द्यायचं नाही, आपलं काम चालू ठेवायचं.

१६०९ ची रीत

संसारी माणसांसाठी लिहिलेल्या आणि १६०९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकाच्या चौथ्या भागातलं अकरावं प्रकरण फ्रान्सिस यांनी पूर्णपणे मनाच्या अस्वस्थतेला दिलं. पापानंतर जिवाला होऊ शकणारं सर्वांत मोठं नुकसान म्हणजे ही अस्वस्थता, असं ते तिथे म्हणतात. कारणही देतात: दुःखातून सुटायची इच्छा ठीक आहे, पण ती देवाच्या प्रेमातून आली तर धीराने आणि सौम्यपणे वाट शोधते, स्वतःच्या मोहातून आली तर तापते, धावपळ करते, जणू सुटका देवापेक्षा आपल्याच धडपडीवर अवलंबून आहे. जाळ्यात अडकलेला पक्षी जितका फडफडतो तितका गुंततो, हे त्यांचं उदाहरण.

रीतीचे भाग असे. संकटातून सुटायचं असेल तर पहिलं काम मन जागेवर आणण्याचं, उपाय शोधणं त्यानंतर. उपाय शोधतानाही आळस नको, पण घाईही नको. दिवसातून निदान दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, स्वतःला विचारायचं: माझा जीव माझ्या हाती आहे, की रागाने, मोहाने, भीतीने पळवून नेला आहे? पळाला असेल तर दटावून नव्हे, हळूच परत आणून देवापुढे ठेवायचा. एखादी इच्छा मन ढवळून काढत असेल तर ढवळ शांत होईपर्यंत तिच्यानुसार काहीही करायचं नाही. काम टाळण्यासारखं नसेल तर वेग कमी करून, बुद्धीला पटेल तेवढंच करायचं, ओढ म्हणेल तेवढं नाही. आणि शेवटचं: आपली अस्वस्थता मार्गदर्शकाला, तो नसेल तर एखाद्या विश्वासू, देवभीरू मित्राला सांगायची. तापात जसं रक्त काढल्याने आराम पडतो (त्या काळचं वैद्यक तसं मानत असे) तसा मन मोकळं केल्याने पडतो, असं ते लिहितात.

आजच्या घरात हे कसं चालतं

समजा मुलगा दुबईला आहे आणि रात्रीपासून फोन लागत नाही. आई दहा वेळा नंबर फिरवते, त्याच्या मित्राला, मित्राच्या बायकोला फोन करते, बातम्या लावते, मध्येच रोझरी सुरू करते आणि तिसऱ्या मण्यावर परत फोन हातात घेते. मायेपोटीच करतेय असं तिला मनापासून वाटतं. तपासायचा प्रश्न एकच: हा फोन त्याच्यासाठी आहे की माझी घालमेल थांबावी म्हणून? पहिला फोन त्याच्यासाठी होता, अकरावा तिच्या घालमेलीसाठी. फ्रान्सिस यांच्या क्रमाने गेलं तर असं होईल: फोन बाजूला ठेवून दोन-चार मिनिटं स्वस्थ बसणं, एक पाठ असलेलं स्तोत्र सावकाश म्हणणं, मग ‘सवड मिळाली की कळव, आम्ही ठीक आहोत’ असा एकच निरोप पाठवणं आणि पुन्हा कधी बघायचं त्याची वेळ ठरवणं. मधल्या वेळात घरातल्याच कोणासाठी तरी, सासूबाईंसाठी, धाकट्यासाठी, काहीतरी प्रत्यक्ष करणं. काळजी लगेच जाणार नाही. तिच्या हुकमावरून हात हलायचे थांबतात, आणि तेवढं पुरेसं असतं.

कुठे बिघडतं तेही पाहू. सर्वांत फसवी चूक म्हणजे प्रेमालाच नवी परीक्षा बनवणं. ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं (४:१८) वचन वाचून माणूस म्हणतो: मला भीती वाटते, म्हणजे माझं प्रेम खोटं. पूर्वी ‘मी निवडलेला आहे का’ असं पोखरत होतं, आता ‘माझं प्रेम पुरेसं आहे का’ असं पोखरतं. भुंगा तोच. त्याच पत्रात पुढच्याच ओळीत उत्तर आहे: त्याने आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. मोजमाप आपल्या बाजूने सुरूच होत नाही. फ्रान्सिस प्रेम भावनेत शोधत नाहीत, इच्छेत आणि कृतीत शोधतात. डोळ्यांत पाणी आलं नाही तरी दिलेलं पेलाभर पाणी प्रेमच असतं.

दुसरी चूक प्रार्थनेचा जप करून भीतीला दाबायची. एकदा सावकाश म्हटलेली प्रार्थना समर्पण असते. ‘नीट झाली नाही’ म्हणून विसाव्यांदा म्हटलेली प्रार्थना भीतीचीच चाकरी असते. पापनिवेदनाचंही तसंच. तेच पाप वेगवेगळ्या फादरांकडे पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसाला एकाच फादरांकडे जायला आणि एकदा क्षमा झालेलं परत न सांगायला सांगावं. हा ख्रिस्तसभेतला जुना, कसाला उतरलेला सल्ला आहे.

तिसरी चूक आजूबाजूच्यांची. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं (४:६) वाक्य ‘तुझा विश्वास कमी आहे’ या अर्थाने तोंडावर फेकलं जातं. त्याच वाक्याचा उरलेला भाग काय करायचं ते सांगतो: प्रार्थना, विनंती, आभार. जे मागायचं ते स्पष्ट मागा आणि जे आहे त्याबद्दल आभार माना. वचन अर्धं सांगणाऱ्याने चिंतेच्या जोडीला अपराधीपणा दिलेला असतो, बाकी काही नाही.

मर्यादा

फ्रान्सिसच्या पॅरिसमध्ये मानसोपचार नव्हते. आज आहेत आणि ते देवाचीच देणगी आहेत. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं, काम होईना, एकच विचार किंवा एकच विधी दिवसाचे तास खाऊ लागला, तर फादर किंवा पास्टर यांच्या बरोबरीने डॉक्टर हवेत. मरणाचे विचार येऊ लागले तर एक दिवसही थांबायचं नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. धार्मिक विषयांभोवती फिरणारा मंत्रचळ, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात, हा ओळखीचा आजार आहे आणि त्यावर औषधं व उपचार आहेत. त्यातल्या एका प्रमुख उपचारात रुग्णाला विचाराशी वाद न घालता, खात्री न मागता, अनिश्चितता सोसून आपलं काम चालू ठेवायला शिकवतात. सेंट एतिएन दे ग्रेमध्ये जे घडलं त्याच्याशी हे किती जुळतं ते वाचणाऱ्याला दिसेलच. चालू गोळ्या ‘प्रार्थनेने बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करायला कोणीही सांगू नये, व्यासपीठावरून तर मुळीच नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. फ्रान्सिसची भीती एका दुपारी गळून पडली, म्हणून सगळ्यांची तशीच पडेल असं समजून चालत नाही. याच रीतीने ज्यांना त्यांनी स्वतः सांभाळलं त्या जेन डी शांताल यांच्या शंका गेल्याच नाहीत. त्या १६४१ च्या डिसेंबरात वारल्या, आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत आतला हा छळ कमी-जास्त प्रमाणात चालू होता. त्यांना जवळून ओळखणारे फ्रेंच धर्मगुरू, संत व्हिन्सेंट डी पॉल यांनीही तशी साक्ष दिली आहे. तोवर त्यांनी फ्रान्सिस यांच्यासोबत ६ जून १६१० रोजी अॅनेसीत सुरू केलेल्या व्हिजिटेशन संघाचे ऐंशीहून अधिक मठ उभे राहिले होते. सोबत करणाऱ्याने म्हणूनच पहिल्या भेटीत ‘किती दिवसांत बरं वाटेल’ हे सांगू नये. पुढच्या भेटीपर्यंत रोज कोणती एक कृती करायची, ती कोणासाठी, आणि मनात काहूर असतानाही ती झाली का, एवढंच ठरवावं आणि पुढच्या वेळी तेवढंच विचारावं.